तीनदा आत घेतलेला शर्ट

"सर गेले," असं त्यांच्या शिष्याने फोनवर रडत सांगितलं, तेव्हा मी ब्लाउजला बाही लावत होते. मी मशीन थांबवलं नाही. बाही पुरी केली, दोरा तोडला आणि मग म्हणाले, "बरं झालं." आता महिन्याभराने तोच म्हणतो, सरांविषयी चार चांगले शब्द लिहा. लिहिते.

सर मनोविश्लेषक. राजारामपुरीत त्यांचं क्लिनिक होतं. परदेशातल्या एका जुन्या, वादग्रस्त मनोविश्लेषकाला ते गुरू मानत. दाबून ठेवलेलं दुःख माणूस अंगावर चिलखतासारखं वागवतो, ते फोडलं की अडलेली ऊर्जा वाहू लागते, असं त्यांचं म्हणणं. वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ दत्ता, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणारा, कुणाशी बोलेनासा झाला. मीच त्याला सरांकडे नेलं. सरांनी त्याच्या छातीवर तळहात दाबला आणि ओरडले, "रड की लेका!" दत्ताने हंबरडा फोडला. परतताना रिक्षात आपणहून म्हणाला, "आक्का, भूक लागलीया." त्या एका वाक्यासाठी मी सरांना देव मानलं, खोटं कशाला सांगू?

पुढे दत्ताला खोकला लागला. राग बाहेर पडतोय, म्हणाले सर. दवाखान्याचं नाव काढलं की ते चिडत. त्यांनी आमच्या घरी कपाटाएवढी लाकडी पेटी पाठवली, आतून पत्रा ठोकलेली. तिच्यात बसलं की ऊर्जा साठते म्हणे. दत्ता रोज तासभर बसायचा आणि बाहेरून दार मी लावायचे. त्याचे शर्ट ढगळ होऊ लागले. "चिलखत गळतंय," सर म्हणाले, आणि मी आनंदाने त्याचा निळा शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेतला. जास्तीचं कापड कापलं नाही, अंग भरलं की उसवता येईल म्हणून. पुन्हा ढगळ झाला, पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा माप घेताना बरगड्या हाताला लागल्या, तरी मला कळलं नाही... टीबी होता. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. दत्ता गेला. सर मातीलाही आले नाहीत. मी जाब विचारायला गेले तर सर म्हणाले, "त्यानं मनापासून साथ दिली नाही."

स्वतःच्या छातीत कळ आली, तेव्हा मात्र सर पेटीत बसले नाहीत. तडक मोठ्या दवाखान्यात भरती झाले, गोळ्या घेतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं जगले. हे मी विसरणार नाही, कुणाला विसरूही देणार नाही.

मागच्या आठवड्यात शिष्य टेम्पो घेऊन आला. स्मारकात ठेवायला त्याला ती पेटी हवी होती. मी तिचं दार उघडलं. आत, छातीच्या उंचीवर, दत्ताचा निळा शर्ट मी खिळ्यांनी ठोकलाय... उलटा करून, तिन्ही शिलाया दिसतील असा.

"ताई, एवढं काढा की. लोक काय म्हणतील?"

"काढायचा न्हाई. न्यायची तर अशीच न्या, पावणं."

टेम्पो रिकामा गेला. पेटी माझ्या मशीनशेजारी उभी आहे. त्या शिलाया माझ्या हातच्या आहेत, हे मी लपवत नाही. लोकांनी मलाही बोल लावावा. पण सरांचं नाव जिथं लागेल, तिथं हा शर्टही लागेल.