मान उचलते का?

वॉर्डात काम केलं की पाय सुजतात आणि किस्से साठतात. पायांना गोळी मिळते, किश्शांना नाही!

नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका हॉस्पिटलात सिस्टर होते. माहेर धुळ्याचं, 'शे' म्हणजे 'आहे' हे मला कळायचं, म्हणून कापडाच्या लूमवरचे खान्देशी पेशंट आले की आमचे डॉक्टर देसाई सर मलाच हाक मारायचे. उन्हाळ्यात जुलाबाचे पेशंट यायचे, रक्तातलं पोटॅशियम उतरलेले. हातपाय लुळे पडायचे, फारच उतरलं तर हृदय थांबायचं. रिपोर्टला वेळ लागायचा. तोवर सर उशीशी वाकून म्हणायचे, "भाई, मान उचल!" मान उठली नाही की लगेच ईसीजी.

*

भेस्तानच्या एका तरण्याला दोस्तांनी हातगाडीवर घालून आणलं. आदल्या दिवशी लग्नात जिलेबी चापलेली, काहींचं पोटॅशियम तेवढ्या गोडानेही उतरतं. सकाळी पाय हलेनात. आईने आधी भगताकडून लिंबू उतरवलं होतं. सलाइनमधून पोटॅशियम गेलं आणि संध्याकाळी पोरगा चालायला लागला!

आई म्हणाली, "बाटली ठीक होती, पण गुण लिंबाचा."

सर म्हणाले, "लिंबू चालूच ठेवा, बेन. पण पाण्यात पिळून!"

*

पोटॅशियमची ही बाटली अगदी सावकाश द्यायची असते. चलथाणच्या एका ऊसतोड्याचा मेहुणा तिच्या नळीचं चाक फिरवताना दिसला. मी धावत जाऊन हात धरला.

"लवकर संपली तर लवकर सुट्टी ना, सिस्टर?"

"हो भाऊ. कायमची!"

*

बँकेतून रिटायर झालेले एक काका. पायांच्या सुजेसाठी लघवीच्या गोळ्या चालू, त्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरतं म्हणून सोबत त्याचं सिरप दिलेलं. चव घाण, म्हणून काका ते गुपचूप बेसिनमध्ये ओतायचे. आमच्याकडे आणलं तेव्हा ठोके पार बिघडले होते. वाचले नाहीत.

काकू बाकावर बसून एवढंच म्हणाल्या, "तरीच बेसिन इतकं चकाचक असायचं."

*

जुलाबाच्या एका पेशंटला आम्ही पोटॅशियमसाठी नारळपाणी प्यायला सांगितलं. माणूस दिलदार. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही रोज पाजायचा. आजोबांच्या किडन्या गेलेल्या, त्यांचं पोटॅशियम आधीच चढलेलं, आणि फार चढलं तरी हृदय थांबतं. कळलं तेव्हा आजोबांवर चादर ओढली होती.

तो हात जोडून म्हणाला, "सिस्टर, मी तर अर्धंच देत होतो."

*

आणि हा सुकदेव. लूम कामगार, जुलाबाने इतका खचला की मान सोडा, ओठही हलेना. श्वास वरवरचा. डोळे मिटलेले. सरांनी बजावलं, "बोलत नाही, पण ऐकतो सगळं."

त्याचा थोरला भाऊ ते ऐकायला नव्हता. तो आला, बघितलं आणि खाटेच्या पायथ्याशीच सुकदेवच्या बायकोला सांगायला लागला, "आता काही खरं नाही. मी टेम्पो सांगून आलो. याला गावाला नेऊ. तू तिकडेच राहा. इथली खोली मी वापरतो."

ती नवऱ्याचे पाय चोळत राहिली. मी भावाला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकदेवने मान उचलली. मग स्वतःच्या हाताने चहा प्यायला. भाऊ धावत आला, रडला, सरांच्या पाया पडला. "देव पावला रे! थांब, त्या टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांगतो."

सुकदेवने कप खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुले जानं शे."