नर वांग्याचं थायरॉइड

बातमी आली तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या ऑफिसात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. फोन माझ्या बायकोच्या, वसुधाच्या लॅबमधून होता. ती माशांच्या टँकरूममध्ये कोसळली होती, जागीच गेली होती, आणि ते सांगण्याआधी त्या इंग्रज गृहस्थाने विचारलं, आत्ता बोलायला सोयीचं आहे ना? मी म्हटलं, हो.

माणूस गेलं की घरी डबे येतात, आणि डब्यांबरोबर किस्से. डबे घासून परत करता येतात. किस्से साठत जातात. वसुधाचे तर आमच्या मराठी मंडळात प्रत्येकाकडे होते, आणि प्रत्येक जण आपलाच खरा म्हणून सांगून गेला.

थायरॉइडच्या हार्मोन्सचा नर माशांच्या प्रजननावर काय परिणाम होतो, हा तिच्या संशोधनाचा विषय. मंडळ सगळं सॉफ्टवेअर आणि फायनान्सवाल्यांचं. पार्टीत कोणी "तुम्ही काय करता?" विचारलं की ती हे सरळ सांगायची, आणि विचारणारा हातातल्या प्लेटमध्ये बघायला लागायचा. एकदा पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका प्रोजेक्ट मॅनेजरने धीर करून विचारलं, "यात स्कोप आहे का?"

"नर माशाला आहे," ती म्हणाली.

तरी आपलं काम आपल्या माणसांना मराठीत सांगावं, ही तिची फार दिवसांची इच्छा. शेवटी एका गणेशोत्सवात तिला भाषणाची वेळ मिळाली.

त्याआधी मंडळाचा सेक्रेटरी पराग घरी येऊन गेला. कमिटीला दोन अडचणी होत्या. पहिली, हॉलमध्ये बाप्पा बसलेले असताना पडद्यावर मासा कसा दाखवायचा? ही कमिटी दर शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये फिश अँड चिप्स खायची, पण तो मासा दिसत नाही, त्यावर आवरण असतं. दुसरी अडचण, फॅमिली ऑडियन्ससमोर 'वृषण' हा शब्द.

"ताई, दुसरा शब्द नाही का हो?"

"आहेत ना. तुम्ही शाळेत वापरायचात ते."

परागने 'वृषण' मंजूर केलं.

माशांच्या जागी तिने स्लाइड्सवर वांगी काढली. शेपटीसकट. गडद रंगाचं नर वांगं, फिक्कट मादी वांगं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मध्येच विचारलं, ही भरायची की भरताची?

तिने समजावून सांगितलं. टिलापिया माशाचं पिल्लू लहान असताना त्याचं थायरॉइड काही काळ मंद ठेवलं, तर ते वयात उशिरा येतं, पण पुढे त्याचं वृषण मोठं होतं, बीजही जास्त. इथे पुरुष मंडळी पहिल्यांदा सरसावून बसली. मागून कोणीतरी विचारलं, मंद कशाने होतं? ती म्हणाली, आम्ही औषध देतो. तसं कोबीतही असं काही थोडंफार असतं. "पण खरी गोष्ट पुढेच आहे," म्हणून तिने स्लाइड बदलली, आणि तेवढ्यात कॅटररची व्हॅन आली. परागने माइक घेतला. पुऱ्या गार होतायत, ताईंचं उरलेलं पुढच्या वर्षी, आता आरती.

मंडळाच्या इतिहासात त्या दिवशी प्रथमच कोबीची भाजी संपली.

उरलेलं असं होतं, की वयात आलेल्या नराचं थायरॉइड मंद केलं तर बीज धड पिकत नाही, सगळाच कारभार थंडावतो. ते ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. पुढे कित्येक महिने ओळखीच्या घराघरांत कोबी शिजत होता. वसुधाला फोन यायचे, सगळे 'मित्रासाठी' विचारणारे. लंडनजवळच्या स्टॅनमोरमधल्या एकाला ती म्हणाली, "अरे, ते पिल्लांसाठी होतं. तुझा मित्र बेचाळीसचा आहे."

हसण्यावारी नेणं थांबलं ते भिडेकाकांमुळे. काका परागचे सासरे, सत्तरीचे, वर्षानुवर्षं थायरॉइडची गोळी घेणारे. भाषण ऐकून त्यांनी गोळीच बंद केली. कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. ऐन उन्हाळ्यात ते स्वेटर घालून बसायला लागले, घास हातात धरून पेंगायला लागले, तेव्हा परागने वसुधाला फोन केला. ती तडक गेली, त्यांना जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेली, गोळी पुन्हा सुरू करवली.

काका खट्टू होऊन म्हणाले, "अगं, तूच तर सांगितलंस."

"मी अर्धंच सांगितलं, काका. अर्ध्यावर तुम्ही जेवायला उठलात."

परतताना गाडी मी चालवत होतो. ती म्हणाली, "यंदा आधी भाषण, मग जेवण. दुसरा भाग ऐकल्याशिवाय एकालाही उठू देणार नाही मी." परागने तशी वेळही राखून ठेवली. गणपती थोडेच आठवड्यांवर होते, आणि ऑफिसात तो फोन आला.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. पराग ताईंच्या मौलिक संशोधनाबद्दल पुष्कळ बोलला. त्यात मासा आला, थायरॉइड आलं, बाकीचं तो 'इत्यादी' म्हणाला.

मग भिडेकाका उठले. माइकसमोर उभं राहून त्यांनी खिशातून डबी काढली, एक गोळी जिभेवर ठेवली, वर पाण्याचा घोट घेतला, आणि जागेवर जाऊन बसले.

गणपतीत तिच्या भाषणाच्या वेळेला अंताक्षरी ठेवली. दुसरा भाग झाला नाही.