सुमतीबायची वही

निघताना हे म्हणाले, "जरा दमल्यासारखं वाटतंय. तू एकटीच जाऊन ये." यांचं नेहमीचंच, म्हणून मी खुशाल कोल्हापूर सोडलं. पणजीत नि पेडण्यात बस बदलून दुपारी हरमलला उतरले.

तिथे सुमतीबाय पर्यटकांना खोल्या देते; मी तिच्याकडेच राहिले. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने एक वही टांगलेली होती. पाहुण्यांचं काही बिनसलं की ते इंग्रजीत काय म्हणतात ते तिने देवनागरीत लिहिलेलं आणि पुढे उपाय. 'पिस्ड ऑफ': पाण्याचो पंप बघ. 'वर्क्ड अप': गरम पेज. 'फ्रीकिंग आउट': लिंबू सरबत दी, बाजूक बस.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी गप्प कशी बसणार? लाल पेन काढलं आणि त्रासाच्या पायरीप्रमाणे प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. 'फ्रीकिंग आउट'ला नऊ. सुमतीबाय माशांना मीठ लावत कौतुकाने बघत होती.

सकाळी उंडो (गोल, कडक पाव) आणि भाजी होती. दरवर्षी येणारे एक इंग्रज आजोबा अर्धा उंडो टाकून उठले. "जस्ट अ बिट रॅटल्ड," म्हणाले आणि खोलीत गेले.

"म्हणजे किंचित अस्वस्थ," मी सांगितलं. "दहापैकी एक."

सुमतीबाय हात पुसत केव्हाच चालू लागली होती. "बाई, तुमचा इंग्रजी बरा. पण ह्यो गेल्या वर्सा स्कूटरवरसून पडलो, हाताचा हाड मोडला, तरी 'अ बिट सोअर'च म्हणा होतो!"

दार ढकललं तर आजोबा जमिनीवर, छातीला हात, सदरा घामाने भिजलेला. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना म्हापशाला इस्पितळात नेलं. वेळेत पोचले, म्हणून वाचले. मला मात्र माझ्याच गुणांची लाज वाटली.

दोन दिवसांनी निघताना मी म्हटलं, "ते लाल आकडे खोडते."

"रवांदी," ती हसली. "रंग बरो दिसता." मग आजोबांचा शब्द तिने खाली लिहिला. पुढे उपाय: धाव.

घरी पोचले. दार उघडत हे म्हणाले, "ये. माझं म्हणशील तर अजून जरा दमल्यासारखंच आहे, बाकी काही नाही."

हेच वाक्य मी किती वर्षं ऐकतेय! बॅग उंबऱ्यातच ठेवली, चपला काढल्या नाहीत.

"सदरा घाला," म्हटलं, "डॉक्टरांकडे जायचंय."

यांनी लगेच खुंटीवरचा सदरा ओढला.