दादांचा गळ

टेलरमास्तरांचे थोरले भाऊ, दादा, प्लंबर होते. आठवडाभर गळक्या नळांशी झटायचे आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसायचे. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "मासे रुसतील त्याचं काय?" बोलायला अघळपघळ माणूस. गिऱ्हाइकाच्या मोरीखाली डोकं घातलं तरी आतून बडबड चालूच. मास्तर याच्या अगदी उलट. बोलणं मोजकं, आणि जिवंत माशाला तर त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं.

काम करता करता एका घरच्या न्हाणीघरात दादांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मास्तरांनी त्यांना आपल्या घरी आणलं आणि शिलाई मशीनशेजारी त्यांची खाट टाकली. काही आठवड्यांनी एक शब्द तेवढा परत आला. "नाही." तो ऐकून मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी आतून बायकोला हाक मारून बोलावलं.

दादांच्या खोलीवरचं सामान हलवताना गळांची डबी कुठे गहाळ झाली, ते कुणालाच सांगता येईना. काठी मात्र आली होती. दाराआड उभी केलेली. एके सकाळी दादांनी डाव्या हाताने तिच्याकडे बोट दाखवलं, मग तिला बांधलेल्या तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या रिकाम्या टोकाकडे.

"तळ्यावर जायचंय? गळ हवाय?" मास्तरांनी विचारलं.

दादांचे डोळे चमकले. मास्तर हातातलं कापड टाकून उठलेच.

गळांच्या दुकानात काउंटरवर एक पोक्त बाई बसायच्या.

"एक गळ द्या," मास्तर म्हणाले.

"कुठल्या माशासाठी?"

"तळ्यातल्या."

"तळ्यात काय एकच मासा आहे?" बाई हसल्या. "आमिष काय लावणार? गांडूळ की कणीक? तंगूस किती जाड आहे?"

बाईंनी कप्प्या-कप्प्यांचा ट्रे पुढे ओढला. गांडुळासाठी लांब दांडीचा गळ, कणकेच्या गोळीसाठी आखूड दांडीचा. लहान तोंडाच्या माशाला बारीक तारेचा, मोठ्या तोंडाच्याला रुंद. आणि नंबर जितका मोठा तितका गळ लहान. हे काही मास्तरांच्या गळी उतरेना. त्यांच्या मशीनच्या सुया नंबर वाढला की जाड होत. शेवटी त्यांनी मधला एक उचलला.

घरी दादांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. "नाही," म्हणाले.

मास्तर परत गेले. लहान आणला. "नाही." मोठा आणला, आखूड दांडीचा आणला, तिरक्या टोकाचा आणला. "नाही." दुकानातल्या बाई आता ते दिसले की आधीच ट्रे काढून ठेवत. मास्तरांचा जीव मेटाकुटीला आला. "दादा, माशांना टाकायचास तो गळ आता मीच तुला घालतोय रे," ते म्हणाले, "काहीतरी खूण कर. मोठा की लहान?" दादांच्या ओठांना थरथर सुटली. बाहेर पडलं ते तेवढंच, "नाही."

मग एका दुपारी बायकोने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, एक सांगू? मी भाऊजींना चहा घेणार का विचारलं. नाही म्हणाले आणि कप पुढे ओढला. उन्हात बसायचंय का विचारलं. नाही म्हणाले आणि उठायला हात पुढे केला."

मास्तर पाटावरच बसले. म्हणजे पहिलाच गळ बरोबर असेल. किंवा तिसरा. किंवा एकही नसेल. इतके दिवस दादा सांगत होते की नाकारत होते, हे आता कळायला मार्गच नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाकांच्या खुर्चीत घालून त्यांनी दादांना थेट दुकानात नेलं. बाईंनी त्यांना ओळखलं. "अहो, तुम्ही तर मला शिकवायचात! दर वेळी वेगळाच गळ न्यायचात!" म्हणत ट्रे त्यांच्या मांडीवरच ठेवला. "घ्या, तुम्हीच निवडा."

दादांचा हात कप्प्यांवरून फिरला. एकावर थांबला, पुढे गेला, मागे आला. एक गळ चिमटीत धरून त्यांनी उजेडात पाहिला आणि खाली ठेवला. मग दुसरा. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बोटाला टोक लागून रक्ताचा थेंब आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग हात ट्रेच्या कडेवर तसाच पडून राहिला आणि त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. लहान मूल गर्दीत हरवल्यावर पाहतं तसं.

त्यांना ठाऊक आहे आणि सांगता येत नाही, असं मास्तर आजवर समजत होते. आता तेही खात्रीचं राहिलं नाही. मास्तरांनीच एक लहानसा, लांब दांडीचा गळ उचलला.

तळ्यावर किळस गिळून त्यांनी गांडूळ लावलं, काठी दादांच्या डाव्या हातात दिली आणि स्वतः मागून धरली. बऱ्याच वेळाने ओढ लागली. हातभर लांबीचा मासा काठावर आला तेव्हा मास्तर आनंदाने ओरडलेच. पण गळ लहान पडला होता. माशाने तो पार आत, घशाखाली ओढला होता. मास्तरांनी बोट घातलं, ओढून पाहिलं. गळ काही केल्या निघेना. मासा तडफडत होता. दादांनी खुर्चीतून वाकून डावा हात पुढे केला, त्यांची बोटं माशाच्या कल्ल्यावरून नुसती घसरत राहिली.

"नाही, नाही, नाही," ते म्हणत होते.

मारू नको? सोड? कात्री काढ? की अरे, गळ मोठा हवा होता? मास्तरांनी खिशातल्या कात्रीने तंगूस कापला आणि मासा पाण्यात ढकलला. तो क्षणभर आडवा तरंगला, मग खाली गेला. जगला की मेला, कोण जाणे. दादा त्या जागेकडे बघत रडत होते.

त्यानंतरही मास्तर त्यांना तळ्यावर नेत राहिले. मोठा गळ लावला तर मासेच लागेनात. दादा पाण्याकडे पाहत बसत, मास्तर त्यांच्याकडे. हिवाळ्यात दादांना दुसरा झटका आला आणि ते गेले.

मास्तर अजून कपडे शिवतात. कुणी दादांचा विषय काढला तर म्हणतात, "मी नेत होतो, ते येत होते. त्यांना यायचं असायचं की नाही, एवढं मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही." आणि पायाखालची मशीन पुन्हा चालू करतात.