जवळ्यातला ज

पेडण्याच्या रघुनाथबाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याचाच पगार घेतला. पणजीच्या एका मराठी दैनिकात ते तीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी पान त्यांच्या टेबलावर यायचं आणि लाल खुणांनी रंगून परत जायचं. या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की मजकूर वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. मजकुराच्या अर्थात मन गुंतलं की वेलांटी निसटते. रघुनाथबाब हे इतकं पक्कं शिकले की गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाल्याची बातमी त्यांनी तपासली, तिच्यातल्या अकरा चुका काढल्या, आणि बातमी काय होती ते त्यांना सकाळी पेडण्याच्या बसमध्ये लोकांच्या बोलण्यावरून कळलं. त्यांची बायको शालिनी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. तेही हसायचे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांतच काचबिंदूने त्यांची नजर नेली. मग शालिनी रोज सकाळी पेपर वाचून दाखवू लागली. ती सातवीपर्यंत शिकलेली, जोडाक्षराला अडखळायची, आणि हे तिथेच तिला अडवायचे. ती चिडून पेपर आपटायची, पुन्हा उचलायची. दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा पाव, चहा आणि पेपर असा दोघांचा तासभर मजेत जायचा. पुढच्याच वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. घरी पाठवताना डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं की गिळताना दुखू लागलं तर एक दिवससुद्धा थांबू नका, सरळ इथे या.

आता त्या घराचा विचार करा. नवऱ्याला दिसत नाही, बायकोला बोलता येत नाही. तिने हातवारे करायचे ते कुणासाठी, आणि पाटीवर लिहायचं ते वाचणार कोण? एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही, एवढ्यावर सहा महिने संसार चालला. चाळीस वर्षं मनसोक्त भांडत आलेल्या माणसांना टाळ्यांवर भांडता येत नाही. घर अगदी मुकं होऊन गेलं होतं.

त्यांची मुलगी योगिता तुयेच्या एका कारखान्यात ऑफिसात होती. सासरही तिथलंच, रविवारी माहेरी यायची. कारखान्याने मोडीत काढलेला एक संगणक तिने मागून आणला, त्याच्यावर लिनक्स घातलं आणि टाइप केलेलं मोठ्याने वाचणारा एक प्रोग्रॅम बसवला. सगळं फुकटातलं. जगभरच्या कुणाकुणी मिळून लिहिलेलं, हवं त्याने घ्यावं आणि चुकलं तर आत हात घालून दुरुस्त करावं, असं. कीबोर्डाच्या बटणांवर तिने मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. शालिनी एका बोटाने अक्षरं शोधत बसली. शेवटी बटण दाबलं तेव्हा यंत्र पुरुषी, सर्दी झाल्यासारख्या आवाजात म्हणालं, "चहा निवला. घ्या."

सहा महिन्यांनी बायकोचा शब्द कानावर पडला तसे रघुनाथबाब रडले. रडता रडताच म्हणाले, "अगो, ह्यो परको बापयो खयसून हाडलंस?"

शालिनीने चांगली दोन मिनिटं लावली आणि त्यालाही उत्तर दिलं. यंत्र म्हणालं, "तुमच्यापेक्षा बरा आहे."

त्या परक्या पुरुषाचं मराठी मात्र कच्चं होतं. मराठीत ज दोन आहेत. जिऱ्यातला वेगळा आणि सुक्या मासळीतल्या जवळ्यातला वेगळा. लिहिताना एकच, बोलताना दोन, आणि ते आपल्याला कुणी शिकवावे लागत नाहीत. यंत्राला ते कळणार कुठून? ते सरसकट जिऱ्यातलाच ज लावायचं. सुका जवळा, घशाची जखम, बसायची जागा, सगळ्याला तोच. च आणि झ यांचीही तीच गत. रघुनाथबाबांच्या कानांना ते सोसवेना. योगिताने सांगितलं की शब्दांची एक साधी यादी आहे, डावीकडे शब्द, उजवीकडे रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार. तिच्यात भर घालाल तसं हे सुधारेल. गोव्यात मराठी राजभाषा व्हावी म्हणून एके काळी मोर्चात घसा फोडलेला माणूस मराठी शब्द रोमीत लिहायला बसला. यावर शालिनीने त्यांची भरपूर टर उडवली.

पण माणूस खुलला. शालिनीने शब्द टाइप करायचा, यंत्राने चुकायचं, यांनी बटणं चाचपून यादीत भर घालायची आणि पुन्हा ऐकायचं, असं दिवसाला पंधरा-वीस शब्द होऊ लागले. नजर गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना काम मिळालं होतं. योगिता म्हणाली, मी ही यादी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना पाठवते, म्हणजे सगळ्यांच्याच यंत्रात जाईल. त्या दिवशी ते दोन घास अधिक जेवले.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी जेवणं आटोपल्यावर शालिनी कीबोर्डापाशी बसली. यंत्र म्हणालं, "कालपासून गिळताना जास्त दुखतं."

'जास्त'मधला ज जिऱ्यातला. रघुनाथबाब खुर्चीत ताठ झाले. इतका रोजचा शब्द यादीतून सुटलाच कसा? त्यांनी फाइल उघडली, अक्षरं घातली आणि तिला सांगितलं, परत टाइप कर, फक्त तेवढाच शब्द. तिने केला. सुधारला नव्हता. त्यांनी पुन्हा बदल केला, तिने पुन्हा टाइप केलं. आठव्या की नवव्या खेपेला यंत्राने जवळ्यातला ज काढला आणि यांनी मांडीवर थाप मारली. आणखी तीनदा तिच्याकडून तोच शब्द म्हणवून घेतला. मग ती उठली आणि भांडी घासायला गेली.

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. का नाही काढला, याचा राग येतो. पण जिने जन्मात आपलं दुखणं एकदा सांगितलं तर दुसऱ्यांदा सांगितलं नाही, ती आता एका बोटाने कितीदा सांगणार? तिने भात सोडला आणि पेजेवर राहू लागली. ताटात काय आहे ते रघुनाथबाबांना दिसत नव्हतं, आणि विचारायचं त्यांना सुचलं नाही. योगिताची सासू त्या सुमारास आजारी होती, म्हणून पाच रविवार ती आली नाही. आली तेव्हा आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या तिने पाहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी तिला बांबोळीला नेलं.

गाठ परत आली होती आणि पसरली होती. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं तेव्हाच आला असता तर काही करता आलं असतं.

घरी आल्यावर रघुनाथबाब भडकले. तो राग तिच्यावर नव्हता, पण काढायचा दुसऱ्या कुणावर? "माका सांगलंस कित्याक नाय?" त्यांनी विचारलं.

बटणांची टकटक बराच वेळ चालली. योगिता तिच्या मागे उभी राहून पडद्यावर वाचत होती. ती मध्येच स्वयंपाकघरात निघून गेली. यंत्र म्हणालं, "सांगितलं होतं. तुम्ही ज दुरुस्त करत होता."

यंत्राच्या आवाजात राग नसतो, माया नसते. हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही. नंतर त्यांनी योगिताला विचारलं, पण ती तेव्हा तिथे नव्हती.

त्याच आठवड्यात यादीला उत्तर आलं. सगळे शब्द घेतले होते. मराठी ऐकणाऱ्या कितीतरी अंध माणसांना याचा उपयोग होईल, तुमचे फार आभार, अजून शब्द पाठवा, असं त्या भल्या माणसांनी लिहिलं होतं. योगिताने वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे परत वाचू नकोस.

त्यानंतर त्यांनी एकही शब्द सुधारला नाही. शालिनी टाइप करायची आणि ते श्वास रोखून ऐकायचे. औषध हवं, पंखा बंद करा, मांजराला दूध घाला. यंत्र चुकलं तरी ते गप्प. एकदा तिनेच विचारलं, "आता चूक काढत नाही?" त्यांनी नुसती मान हलवली, तर तिने त्यांच्या हातावर हलकी चापट मारली. त्यांना ती चापट सहन झाली नाही. उठून अंगणात गेले.

जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. कीबोर्ड तिच्या पोटावर उशी ठेवून त्यावर ठेवत. एका दुपारी तिने फार वेळ टाइप केलं. बोटांत बळ नव्हतं. न्यावी एका बटणावर तर पडत होती भलत्याच. यंत्र म्हणालं, "पंलयज सकटव नद." रघुनाथबाबांनी परत ऐकलं. मग एकेक अक्षर सुटं करून ऐकलं. तिचा हात हातात घेऊन म्हणाले, परत टाइप करतेस? सावकाश कर, मी बसलोय. हात हलला नाही. दिवेलागणीला ती गेली.

ती ओळ त्यांनी पुसू दिली नाही. रोज सकाळी पेपरच्या वेळी ते ती ऐकतात. कुठल्या बटणाशेजारी कुठलं बटण, हे त्यांनी बोटांनी पाठ केलंय. प ऐवजी ह असेल, ल ऐवजी स असेल, असं जुळवत बसतात. पहिल्या शब्दापाशीच तास जातो. योगिताला ते बघवत नाही. एका रविवारी ती धीर करून म्हणाली, बाबा, तिची बोटं नुसती पडत होती, त्यात काही अर्थ नाही.

रघुनाथबाबांनी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अर्थ आसा गो. माकाच वाचूक येणा नाय."