कोण, कधी, किती वाजता

एका बाईने माझ्याकडून एक प्रश्न नीट लिहून मागितला आणि मी तो इतका नीट लिहिला की त्यात प्रश्नच उरला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागलो तरी तुम्ही फसणार नाही.

तिची खूण म्हणजे उजव्या हाताची तीन बोटं. कुणी काही कबूल केलं की पहिलं बोट वर. “कोण?” मग दुसरं. “कधी?” मग तिसरं. “किती वाजता?” तिन्ही बोटांना उत्तर मिळाल्याशिवाय हात खाली यायचा नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपण उगाचच घड्याळाकडे बघायला लागतो.

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. आमची कंपनी इमारतींना एसी बसवते. नकाशा असो, पत्र असो, साधी नोट असो, कागद तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय तो जन्मालाच आला नाही असं धरायचं. शिक्का, तारीख, वेळ, नंबर. त्याच कागदात काही बदललं तर रेव्ह वन, पुन्हा बदललं तर रेव्ह टू. ती फिलिपीन्सची, वय पंचेचाळिशीच्या आसपास, उंची अशी की फायलींच्या ढिगामागे फक्त अंबाडा दिसायचा. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, म्हणून अख्खं ऑफिस तिला आते म्हणायचं. मराठी तोंडाला ही हाक सोपीच. आमचं बोलणं हिंदी आणि इंग्रजीच्या खिचडीत चालायचं. तुम्हाला मी ते मराठीत सांगतोय.

व्हिसाची कामं करणारा आमचा मंदूब इजिप्तचा होता. भला माणूस, पण त्याचं प्रत्येक काम “बुकरा, इन्शाल्ला”, म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. आम्ही सगळे मान डोलवून परत यायचो. आतेने एकदा त्याला दारातच गाठला.

“बुकरा, इन्शाल्ला,” तो म्हणाला.

आतेचं तिसरं बोट वर झालं. “देवाचं ठीक आहे, हबीबी. तुमचं किती वाजता?”

तो इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. पण त्या दिवसापासून तो ऑफिसात पाऊल टाकतानाच ओरडायचा, “अकरा वाजता, आते! अकरा!”

आणि मी? मी टेंडरं लिहितो. एसीचे पाइप कुठून कसे जाणार हे इंजिनियर सांगतात, मी ते पाइप अशा भाषेत लिहितो की वाचणाऱ्याला वाटावं, हे पाइप म्हणजे मानवजातीची पुढची पायरी आहे. माझे कागद पास होतात. याचा मला जरा जास्तच अभिमान होता, आणि हा अभिमान आतेला ठाऊक होता. तिथेच सगळं बिघडलं.

तिच्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. परदेशात राहणाऱ्या मतदारांसाठी एक ऑनलाइन कार्यक्रम ठरला. चार उमेदवार येणार, मतदारांनी इंग्रजीत लेखी प्रश्न पाठवायचे, त्यातले निवडक प्रश्न सगळ्यांना विचारणार. आतेने पहिल्याच दिवशी प्रश्न पाठवला. तो परत आला. खाली शेरा होता: वैयक्तिक अडचणी नकोत, राष्ट्रीय धोरणाबद्दल विचारावं.

ती तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“सर, तुमचे कागद कधी परत येत नाहीत. हा पास करून द्या.”

प्रश्न असा होता: आमच्या गावात सरकारी दवाखाना आहे. इमारत आहे, खाट आहे, वजनकाटा आहे. नर्स नाही. माझी मुलगी पुढच्या वर्षी नर्स होणार. तिला त्या दवाखान्यात नोकरी कोण देणार? कधी देणार? देणार नसाल तर तसं सांगा, म्हणजे मी इथला करार दोन वर्षांनी वाढवते आणि तिलाही इकडेच बोलावून घेते.

“करारावर सही कधीपर्यंत करायचीय?” मी विचारलं.

“महिनाअखेर. पाच वाजता.” तिने कागद माझ्या टेबलावर सरळ केला. “सर, चौदा वर्षं झाली. मुलीला मी सुट्टीत भेटते. तीही इकडे आली तर मग घरी कोण? आजीचा फोटो?”

त्यांच्याकडची माणसं घरी मोठे खोके पाठवतात, जहाजाने. साबण, कॉफी, डबाबंद मांस, चॉकलेट, बूट. आतेचा खोका कायम पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात अर्धा भरलेला असायचा. मुलीच्या बुटांचा नंबर तिने खोक्यामागे भिंतीला लावलेल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता, आणि दर खोक्याला खाली नवा, मोठा आकडा येत गेला होता. हे मी रोज कॉफी घेताना बघायचो. म्हणजे ती बोलायला आली तेव्हा पणाला काय लागलंय ते मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

मी बाह्या सरसावल्या. आधी दवाखाना काढला, कारण एक दवाखाना म्हणजे वैयक्तिक. मग मुलगी काढली. खाट आणि वजनकाटा तर हसण्यासारखंच होतं. कोण आणि कधी हे शब्द उमेदवारांना उद्धट वाटतील म्हणून काढले. उरलेलं मराठीत सांगायचं तर साधारण असं झालं: ‘परदेशस्थ मनुष्यबळाच्या सन्मानपूर्वक पुनरागमनाच्या संदर्भात ग्रामीण आरोग्यसेवेच्या सर्वंकष बळकटीकरणाविषयी आपली दूरदृष्टी काय आहे?’

घरी मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. माझी बारा वर्षांची मुलगी जेवता जेवता म्हणाली, “बाबा, बट व्हॉट इज द क्वेश्चन?”

मी तिला होमवर्क संपवायला सांगितलं.

प्रश्न पास झाला. नुसता पास नाही, पहिला विचारायचा म्हणून निवडला गेला. आतेने ऑफिसभर केक वाटला. मी दोन तुकडे खाल्ले, लेखक म्हणून.

कार्यक्रम शुक्रवारी होता. त्या दिवशी ऑफिस अर्धा दिवस असतं. दुपारी सगळे गेल्यावर आते, मी आणि वसईचा लोपीस असे तिघे पॅन्ट्रीत बसलो. लोपीस आमच्याकडे एस्टिमेशनला आहे. माझी फजिती होण्याची शक्यता असेल तिथे तो जेवण सोडून येतो. आतेने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. माझा प्रश्न वाचला गेला. निवेदिका “सर्वंकष”पाशी अडखळली, बाकी ठीक.

चारही उमेदवारांचे चेहरे उजळले. असा प्रश्न त्यांना कुणी आजवर विचारलाच नसावा. पहिला म्हणाला, उत्तम प्रश्न. दूरदृष्टी हाच आपला श्वास. दुसऱ्याने परदेशातल्या कामगारांना देशाचे वीर म्हटलं आणि छातीवर हात ठेवला. तिसऱ्याची आई आजारी असताना एका नर्सने कशी सेवा केली ते ऐकून निवेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथा जरा वयस्क होता, तो म्हणाला, बळकटीकरण झालंच पाहिजे, आणि सर्वंकष झालं पाहिजे.

आतेने तीन बोटं वर धरली होती. पहिल्यापासून. चौथ्याचं संपल्यावर तिने एकेक बोट मिटवलं.

“कोण, नाही. कधी, नाही.” तिसरं बोटही तिने मिटवलं. मग फोन उचलला, साखरेच्या डब्याचं झाकण नीट लावलं आणि मला म्हणाली, “इंग्रजी फार छान होतं, सर.”

ती गेल्यावर लोपीस म्हणाला, “अरे, त्या बाईने तुला खुर्ची मागितली होती, त्यांना उभं करून ठेवायला. तू तर गादी टाकून दिलीस! लोळले ना चौघं.”

“उभं करायला खुर्ची कशाला लागते?” मी म्हटलं. माणूस हरला की असले शब्द धरतो.

“बघ, आता यातही इंग्रजी काढ.”

महिनाअखेरीला पाच वाजता तिने दोन वर्षांच्या करारावर सही केली. मी मुद्दाम तिथून गेलो. तिने सही करून स्वतःच त्यावर तारीख आणि वेळेचा शिक्का मारला, आणि पुढचा कागद ओढला. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

प्रायश्चित्त म्हणून मतदानाच्या दिवशी मी तिला गाडीने वकिलातीपर्यंत नेलं. रांग लांब, ऊन कडक, पण माणसं लग्नाला आल्यासारखी खुशीत. भाताचे डबे, हातपंखे, स्पीकरवर गाणी. मत कुणाला हे कुणी बोलत नव्हतं, उमेदवार भेटला तर काय विचाराल हे मात्र सगळे बोलत होते, कारण आतेच विचारत होती. हातात ऑफिसचं पॅड. एक वेल्डर म्हणाला, आमच्या बेटावर बोट आठवड्यातून दोनदाच येते, रोज कधी येणार? एका घरकाम करणाऱ्या बाईने विचारलं, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला तर मी फोन कुणाला करू, नंबर द्या. एका आचाऱ्याला तांदूळ हवा होता. तांदूळ स्वस्त होणार हे तो तीन निवडणुका ऐकत होता. आते प्रत्येकाच्या प्रश्नापुढे कोण, कधी, किती वाजता असे रकाने पाडत होती.

“म्हणजे आंतरबेटीय जलवाहतूक...” मी वेल्डरला मदत करायला गेलो.

आतेने माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट दिला. “सर, तुम्ही पाणी वाटा.”

मी दोन तास पाणी वाटलं. मन लावून वाटलं. एकाही बाटलीत मी काही भर घातली नाही.

सोमवारी तिने आपला मूळ प्रश्न, खाट आणि वजनकाट्यासकट, पुन्हा टाइप केला. खाली रांगेतल्यांचे प्रश्न जोडले. वर नंबर घातला आणि चारही उमेदवारांना पाठवला. अजून निकाल लागायचा होता. महिन्याने रेव्ह वन. पुढच्या महिन्यात रेव्ह टू. मजकूर तोच, फक्त रकान्यात ‘उत्तर नाही’ अशी एकेक ओळ वाढलेली.

“आते, ते इतके मोठे लोक,” मी एकदा म्हटलं.

“सर, मी कन्सल्टंटकडे अडकलेले नकाशे सोडवून आणते. हे तर फक्त राष्ट्राध्यक्ष.”

रेव्ह सिक्सला उत्तर आलं. चौथ्या उमेदवाराकडून, सर्वंकषवाल्याकडून. तो सपशेल हरला होता, म्हणून बहुधा त्याच्याकडे वेळ होता. त्याने तिचा कागद तिच्या प्रांताच्या आरोग्य कार्यालयाकडे धाडला होता आणि त्यांचं पत्र सोबत जोडलं होतं. एक जागा मंजूर. भरतीची परीक्षा अमुक तारखेला, सकाळी नऊ वाजता. नेमणूक एक वर्षाची. खाली सही करणाऱ्या बाईंचं नाव.

आतेने ते पॅन्ट्रीत मोठ्याने वाचलं. एकेक बोट वर केलं, आणि पहिल्यांदाच तिन्ही बोटं वर ठेवून हात खाली घ्यायचा विसरली.

मुलगी तोवर नर्स झाली होती. परीक्षा दिली, पास झाली.

“पण वर्षाचीच आहे ना?” मी विचारलं. “पुढचं कोण बघणार? कधी?”

“मी,” आते म्हणाली. “तिथे जाऊन.”

शेवटचा खोका बांधायला मी आणि लोपीस होतो. या वेळी त्यात बूट नव्हते. तिचा भाताचा कुकर होता, पंधरा वर्षांचे तिचे स्वतःचे कपडे होते, आणि भिंतीवरचा बुटांच्या नंबरांचा तो पुठ्ठा तिने काढून वर ठेवला होता. टेप लावताना मी गाठ कशी मारावी यावर काहीतरी सांगायला लागलो. लोपीस म्हणाला, “टेपला गाठ नसते. धर नुसतं.”

आता तिच्या जागेवर एक हुशार मुलगा बसतो. सगळं कॉम्प्युटरवर करतो, शिक्का लागत नाही. मंदूब अजूनही दारातून आत येताना “अकरा वाजता, आते!” म्हणून ओरडतो आणि मग खाली बघत आपल्या कामाला जातो. अधूनमधून तिचा फोटो येतो. दवाखान्याच्या पायरीवर पांढऱ्या कपड्यातली मुलगी, मागे वजनकाटा. आतेने रांगेतल्या बायाबापड्यांना नंबर वाटायचं काम आपणहून घेतलंय. खाट एकच आहे अजून. रेव्ह सुरू आहेत.

तिचा राजीनामा एचआरच्या बाईने आम्हाला दाखवला होता. एकच ओळ होती: मी, तीस तारखेला, संध्याकाळी पाच वाजता. इतका स्वच्छ कागद आमच्या ऑफिसातून कधी गेला नव्हता. पण त्या सकाळी ती तो टाइप करत असताना मी तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो होतो. पंधरा वर्षांची नोकरी, जरा शोभेल असं काही लिहून देऊ का, असं अगदी मनापासून विचारलं होतं.

तिने मान वरही केली नाही.

“नको सर. तुम्ही लिहिलंत तर मी चाललेय हे कुणाला कळणारच नाही.”