सरांचा पत्ता लिलावात निघाला तेव्हा

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. कंपनीला नंतर शिव्या घातल्या, त्या वेगळ्या.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. गावची शाळा पडली, आणि सरांनी आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. रडणाऱ्याला पोटभर रडू द्यायचे आणि रडून झालं की पाढे म्हणायला लावायचे. मी माणसात आले ती त्या शेडमध्ये. पुढं सर लातूरला राहायला आले, तिथं क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा लोक सरांना म्हणाले, "क्लास काढा, बंगला होईल." सरांनी काढलं काय, तर मेडिकल प्रवेशाच्या सरावाचे प्रश्नसंच, तेही फुकट. किनवटकडच्या वसतिगृहांत ते वाटायचे. प्रत्येक पुस्तिकेच्या मागं साइटचा पत्ता छापलेला असायचा, उत्तरं तिथं बघायची. साइटला नावही त्या पत्र्याच्या शेडवरूनच दिलेलं.

साइट मी केलेली. नांदेडला माझा धंदाच तो आहे. दरवर्षी पैसे भरून ते नाव चालू ठेवायचं कामही माझ्याकडंच होतं.

आता, सरांना काही देणं म्हणजे महाकठीण. एकदा मी शाल घेऊन गेले, तर त्यांनी ती माझ्याच खांद्यावर टाकली, चहा पाजला आणि परत पाठवलं. म्हणून शेडमधल्या आम्हा पोरांची एक रीत पडली होती. सरांना जे द्यायचं ते गुपचूप द्यायचं. कोणी दाराशी तुरीच्या डाळीची पिशवी ठेवून पळायचं, कोणी छापखान्यात परस्पर कागद पोचवायचं. एकमेकांनाही सांगायचं नाही, कारण एकाला सांगितलं की सरांच्या कानावर गेलंच समजा.

त्या वर्षी माझं बँकेचं कार्ड बदललं आणि नावाचे पैसे कटलेच नाहीत. आठवण करून देणारे मेल आले, ते मी कधी न उघडणाऱ्या जुन्या खात्यावर. कळलं तेव्हा दंड भरून नाव परत घ्यायची मुदतसुद्धा उलटून गेली होती. तरी मी निवांत. म्हटलं, आता नाव मोकळं होईल, मग नेहमीच्या भावात घेऊन टाकू. काय शहाणी मी!

मोकळं कशाला सोडतील? ज्या कंपनीकडं नाव नोंदवलं होतं, तिनंच ते लिलावात काढलं. त्या नावाला किंमत आणली सरांनी आणि रोज तो पत्ता टाइप करणाऱ्या पोरांनी, आणि पैसा जाणार कंपनीच्या गल्ल्यात! मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हीही बोली लावू शकता."

"अहो, माझंच नाव मीच बोली लावून घेऊ?"

"हो मॅडम."

फोन भिंतीवर आपटावा वाटलं, पण फोन माझाच होता.

खरी भीती वेगळीच होती. असल्या चालत्या नावांवर जुगारवाले आणि घाणेरड्या साइटवाले टपून बसलेले असतात. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. वसतिगृहातली एखादी पोरगी उत्तरं बघायला पत्ता टाकणार आणि तिच्यासमोर काय येणार? सरांवर विश्वास ठेवून आलेल्या लेकरानं असलं काही बघितलं, तर मी तोंड कुठं दाखवू?

मी फक्त उदगीरच्या मित्राला सांगितलं. तो माझ्यासोबत शेडमध्ये शिकलेला, आता कापडाचं दुकान चालवतो. "कोणाला बोलू नकोस, मी बघते." तो म्हणाला, "हाव, न्हाई बोलत."

लिलाव दुपारी तीनला संपणार होता. बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. माझ्यासमोर दोघं होते. मी वाढवलं की एक जण लगेच वाढवायचा, तो दम घ्यायला थांबला की दुसरा. शेवटच्या क्षणाला बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढायची. कंपनीला काय, फुकटचं दुभतं. नव्या कम्प्युटरसाठी ठेवलेलं सगळं मी लावलं, तरी मेला हटेना. "जुगाऱ्या, तुझं तळपट होवो!" मी स्क्रीनला म्हणाले. शेवटी माझं संपलं. थोड्या वेळानं पहिलाही गळला आणि नाव दुसऱ्याला गेलं. मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून लातूर गाठलं. सरांच्या दारात उदगीरवाला चपला काढत होता, तोंड उतरलेलं.

"तू इथं कसा?"

"सरांची माफी मागायला आलो. म्हटलं, तुला झेपंल न झेपंल, आपणच गुपचूप घेऊन टाकू. लई वाढवलं बघ. पण दोन हरामखोर हटूनच नाही राहिले!"

"गाढवा, त्यातली एक हरामखोर मी होते!"

सर दारातच उभे होते. त्यांनी आमच्याकडून लिलावाची सगळी हकिकत काढून घेतली. आधी पोट धरून हसले. "मी तुम्हाला गणित शिकवलं, आणि तुम्ही एकमेकांवरच बोली लावून राहिले?" मग हसू आवरून म्हणाले, "पण पोरांचं काय?"

पुढचे तीन दिवस मी भीतभीत तो पत्ता उघडून बघत होते. कोरं पान यायचं. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला, "ये."

खोलीत एक तरुण बाई बसली होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टर, मूळची किनवटकडची. वसतिगृहात ती सरांच्या पुस्तिकांवर शिकलेली. धाकट्या बहिणीला साइट दाखवायला गेली, तर तिथं 'विक्रीला आहे' अशी पाटी. "मी पण त्या दोन जुगाऱ्यांना लई शिव्या दिल्या," ती मला म्हणाली. नाव जिंकलं होतं ते तिनंच; आता ते कोणाच्या नावावर करायचं, एवढंच विचारायला ती वसतिगृहातून सरांचं घर शोधत आली होती.

"किती लागले? मी देतो," सर म्हणाले.

"सर, तुम्ही उत्तरांचे पैसे कधी घेतले?"

तरी सरांनी खिशातून पाकीट काढून समोर ठेवलं.

"मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं," ती म्हणाली. "पुस्तिकेवर नुसता पत्ता होता. पण रोज वाटायचं, तिथं आपलं कोणीतरी राहतं."

सरांनी चष्मा काढला. मी वाट बघत होते की आता 'नको' म्हणतील. ते म्हणाले, "बरं. घेतो."

त्यांनी कोणाकडून काही घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिथंच बसून मी साइट परत चालू केली. मी जिंकले असते तर ती त्या दारात कधी आलीच नसती. हरले म्हणून मी आजही देवाचे आभार मानते. कंपनीचे मात्र नाही.